तंजावरचा राजवाडा आणि सरस्वती महाल

राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या ईशान्येस, सुमारे एक किलोमीटर अंतरावर, तंजावरच्या जुन्या मोठ्या किल्ल्याच्या आत जो विस्तीर्ण वास्तुसमूह उभा आहे, त्याला आज सरसकट ‘मराठा राजवाडा’ म्हटले जाते. हे नाव निम्मेच खरे आहे. वाड्याचा पाया नायक राजांनी घातला, त्याचे बहुतेक मोठे इमले त्यांच्याच काळात चढले आणि भोसले घराण्याने १६७६ पासून पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे तेथे राहून त्यात भर घातली, डागडुजी केली, काही दालनांचा उपयोग बदलला. याच आवारात असलेले सरस्वती महाल ग्रंथालयही नायकांच्या ‘सरस्वती भांडारा’तून वाढलेले आहे. वाडा आणि ग्रंथालय यांचा इतिहास वेगवेगळा लिहिता येत नाही, कारण तंजावरचे राज्य जसजसे आक्रसत गेले तसतसा वाड्यातील ग्रंथसंग्रह वाढत गेला, आणि राज्य पूर्णपणे गेल्यावर वाड्याला जे प्रयोजन उरले ते मुख्यतः या संग्रहानेच पुरवले.

नायक हे मुळात विजयनगरच्या सम्राटांनी प्रांतोप्रांती नेमलेले लष्करी व मुलकी अधिकारी होते. साम्राज्य खिळखिळे झाल्यावर मदुरा, जिंजी आणि तंजावर येथील नायक जवळजवळ स्वतंत्र राजेच बनले. तंजावरचा पहिला नायक शेवप्पा १५३२ च्या सुमारास गादीवर आला आणि त्यानेच राजवाड्याच्या बांधकामास आरंभ केला असे मानले जाते. त्याच्यामागून अच्युतप्पा, रघुनाथ आणि विजयराघव अशा तीन पिढ्यांनी हे काम चालू ठेवले. यांपैकी रघुनाथ नायक स्वतः कवी व वीणावादक होता, त्याच्या दरबारात गोविंद दीक्षितांसारखा विद्वान मंत्री होता, आणि या दीक्षितांचा पुत्र वेंकटमखी याने ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या ग्रंथात बहात्तर मेळांची जी मांडणी केली तिच्यावर कर्नाटक संगीताचे आजचे रागवर्गीकरण उभे आहे. रघुनाथाच्याच कारकिर्दीत, १६२० साली, डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीला समुद्रकाठच्या तरंगंबाडी येथे वखार घालण्याची परवानगी मिळाली. त्या वेळी ही घटना किरकोळ वाटली असेल. पण तरंगंबाडीच्या मिशनमधून आलेल्या एका पाद्र्याने पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी तंजावरच्या एका राजपुत्राला शिकवले आणि त्या शिकवणीचा परिणाम ग्रंथालयाच्या कपाटांतून आजही पाहता येतो.

१६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरवर चाल केली, विजयराघव लढाईत मारला गेला आणि घराणे बुडाले. उरलेल्या वारसाने विजापूरच्या आदिलशहाकडे मदत मागितली. ती मदत घेऊन आलेले सरदार म्हणजे शहाजीराजे व तुकाबाई यांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी. मदुरेकरांना हुसकावून नायकाच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी आलेले एकोजी अखेर स्वतःच गादीवर बसले, आणि १६७६ पासून तंजावरची भोसले शाखा सुरू झाली. बखरी आणि जुनी मराठी पत्रे या मुलखाला ‘चंदी-चंदावर’ या जोडनावाने ओळखतात. चंदी म्हणजे जिंजी आणि चंदावर म्हणजे तंजावर. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावरील तिरुमलवाडीपर्यंत आले, तेथे दोघा भावांची भेट झाली, वडिलार्जित दौलतीच्या वाटणीची बोलणी फिसकटली आणि एकोजी रातोरात नदी उतरून तंजावरला परतले. महाराष्ट्राच्या इतिहासात तंजावरचा उल्लेख बहुधा या भेटीपुरताच येतो व तेथेच संपतो, हे त्या शाखेवर अन्याय करणारे आहे.

वाड्याची रचना एकाच आराखड्यातून झालेली नसल्यामुळे ती कागदावर समजावून सांगणे कठीण आहे. पूर्वेकडील मुख्य रस्त्यावरून एकामागून एक दरवाजे ओलांडत आत गेले की चौक लागतात, चौकांभोवती दालने आहेत, आणि दालनांच्या मागे आणखी चौक आहेत. बांधकाम प्रामुख्याने विटांचे आहे आणि त्यावर चुन्याचा गिलावा आहे. कावेरीच्या गाळाच्या या सपाट प्रदेशात बांधकामाचा चांगला दगड जवळपास मिळत नाही. चोळांनी मंदिरासाठी कठीण दगड दुरून आणवला, नायकांनी मात्र तो मोजक्या ठिकाणी वापरून भिंती, कमानी व घुमट विटांत उभे केले. चुना घोटून घोटून त्याला संगमरवरासारखी झिलई आणण्याची कला दक्षिणेत अवगत होती, आणि त्याच चुन्यात मूर्ती, वेलपत्ती, पक्षी घडवून त्यांवर रंग चढवण्याचीही. शैलीच्या दृष्टीने हा वाडा विजयनगरच्या राजवास्तूंचा वंशज आहे: कमानी आणि घुमट दख्खनच्या सुलतानांच्या वास्तुकलेतून आलेले, तर वरचे मजले चढत्या क्रमाने लहान करत नेण्याची रीत द्राविड मंदिरांच्या विमानांवरून, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरांवरून, घेतलेली.

या मिश्रणाचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे शस्त्रागाराचा मनोरा, ज्याला तमिळमध्ये कूडगोपुरम म्हणतात. आठ मजल्यांचा आणि सुमारे १९० फूट उंचीचा हा मनोरा दुरून देवळाच्या शिखरासारखा दिसतो. जवळ गेल्यावर प्रत्येक मजल्यावरच्या कमानींच्या रांगा दिसतात आणि मग हे देऊळ नसून टेहळणीची जागा आहे हे ध्यानी येते. खाली शस्त्रे आणि वर पहारा अशी त्याची योजना होती व राज्य खालसा होईपर्यंत ती चालू राहिली. त्याच्याजवळच दुसरी उंच इमारत आहे, माडमाळिगै किंवा घंटाघर. तिच्या मजल्यांच्या चारही बाजू कमानींनी इतक्या पोखरलेल्या आहेत की ती भिंतींपेक्षा पोकळीचीच बनलेली वाटते. विजयराघव नायक या इमारतीच्या माथ्यावरून श्रीरंगमच्या देवळाचे दर्शन घेतल्यावाचून अन्न घेत नसे, अशी लोककथा सांगितली जाते. श्रीरंगम तेथून पन्नासेक किलोमीटर दूर आहे हे लक्षात घेता कथा शब्दशः घेण्याचे कारण नाही, परंतु एवढ्या उंच आणि संरक्षणाला फारशा उपयोगी नसलेल्या इमारतीचे प्रयोजन काय असावे, हा प्रश्न लोकांनाही पडला होता एवढे तिच्यावरून कळते.

नायकांचा दरबार महाल आणि मराठ्यांचा दरबार महाल वेगवेगळे आहेत, आणि पाहणाऱ्यांची येथे हमखास गल्लत होते. नायकांच्या महालात १९५१ पासून तंजावर कलादालन आहे. चोळकालीन पंचधातूच्या मूर्तींचा तेथील संग्रह जगात नावाजलेला असून तिरुवेंकाडू येथील वृषवाहन शिव, म्हणजे अदृश्य नंदीवर हात टेकून उभा असलेला शिव, ही अकराव्या शतकाच्या आरंभीची मूर्ती त्यातच आहे. याच महालात काळ्या दगडाच्या एका प्रचंड अखंड शिळेवर दुसऱ्या सरफोजी राजांचा पांढरा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. मराठ्यांचा दरबार महाल एकोजींचे पुत्र शहाजी यांच्या काळातला, १६८४ च्या सुमाराचा मानला जातो. त्याचे खांब, कमानी आणि छत गडद रंगांनी मढवलेले आहेत. कमानींवरच्या चुन्याच्या मूर्तिकामात देवदेवता आणि राजपुरुष दाटीवाटीने बसवलेले आहेत. अभिरुचीच्या कसोटीवर नायकांचे संयमित काम उजवे ठरेल, पण रंगांच्या या उधळणीत तंजावर चित्रशैलीचा, म्हणजे सोन्याचा वर्ख आणि खडे बसवून केलेल्या फळ्यांवरील चित्रांचा, सख्खा भाऊबंद दिसतो हे मान्य करावे लागते. यांखेरीज नाद चांगला घुमावा अशा बेताने बांधलेला संगीत महाल, राजकुटुंबाच्या निवासाचा सदर महाल आणि पूर्वेकडील रस्त्यालगतची, सज्जे असलेली, सरफोजींच्या काळातली पाच मजली सर्जा माडी हे वाड्याचे आणखी काही भाग होत.

मराठे तंजावरला आले ते मोडी लिपी, कीर्तन आणि रामदासी मठ बरोबर घेऊन. तेथे त्यांना तेलुगू दरबारी वाङ्मय, तमिळ प्रजा आणि संस्कृत पंडित भेटले. यांपैकी काहीही त्यांनी नाकारले नाही. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या शहाजींच्या नावावर तेलुगू, संस्कृत आणि मराठी नाटके आहेत. ‘पंचभाषाविलास’ या त्यांच्या नाटकात तर निरनिराळी पात्रे निरनिराळ्या भाषांत बोलतात. त्यांच्याच काळातले ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगाआधी सुमारे दीडशे वर्षांचे आहे, आणि म्हणून त्याला मराठीतले आद्य नाटक म्हणण्याचा आग्रह धरला जातो. कालक्रमाने तो बरोबर आहे, तथापि तंजावरची ही नाटके यक्षगानाच्या, म्हणजे दक्षिणेकडील नृत्यसंगीतप्रधान नाट्याच्या, परंपरेतली असून त्यांची वार्ताही सांगलीपर्यंत पोहोचलेली नव्हती, तेव्हा त्यांना मराठी रंगभूमीची जननी न म्हणता तिची दूरदेशी राहिलेली थोरली बहीण म्हणणे अधिक योग्य ठरेल. शहाजींनी तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून, म्हणजे करमुक्त वसतीसाठी, दान दिले. त्यांचे बंधू पहिले तुळजाजी यांच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा संगीतशास्त्रावरचा ग्रंथ आहे. या सर्व लेखनाच्या प्रती वाड्यातील भांडारात जमा होत गेल्या.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र राज्याची रया गेली. अर्काटचा नबाब आणि त्याच्या पाठीशी असलेली ईस्ट इंडिया कंपनी यांनी १७७३ मध्ये तंजावर घेतले, १७७६ मध्ये ते दुसऱ्या तुळजाजींना परत मिळाले, पण कर्ज आणि कंपनीची तैनाती फौज दोन्ही मानगुटीस बसली. तुळजाजींनी मृत्यूपूर्वी, १७८७ साली, दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांच्या पालनाची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली त्यांत तरंगंबाडीहून आलेले जर्मन पाद्री श्वार्ट्झ होते. तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांनी दत्तकाचा हक्क उडवून गादी घेतली, सरफोजींना काही काळ मद्रासला ठेवावे लागले, आणि १७९८ मध्ये कंपनीने त्यांना गादीवर बसवले ते मोठी किंमत वसूल करूनच. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, म्हणजे मद्रासकडे चालणारी तेवढी सोन्याची नाणी, आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा उरला.

राज्य नसलेला राजा काय करतो, याची उत्तरे हिंदुस्थानात अनेक ठिकाणी पाहायला मिळतात आणि त्यांपैकी बहुतेक उत्तरे शिकार, नाच आणि कर्ज यांच्या पलीकडे जात नाहीत. सरफोजींनी वाड्याचीच विद्याशाळा केली. तहानंतरच्या तेहतीस वर्षांत त्यांनी वाड्यात छापखाना काढला, धन्वंतरी महाल नावाने औषधशाळा व वैद्यकीय संशोधन चालवले, ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंच्या अन्नाबरोबर मुलांच्या शिक्षणाचीही सोय केली. नवविद्याकलानिधी या नावाच्या छापखान्यात देवनागरी खिळे होते. तेथून १८०६ साली इसापनीतीचे ‘बालबोध मुक्तावली’ हे सख्खन पंडितकृत मराठी भाषांतर छापून निघाले, त्यानंतर अकरा वर्षांनी अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी छपाईला सुरुवात केली. मराठी मुद्रणाचा इतिहास बंगालमधील श्रीरामपूर व मुंबई यांच्याभोवती फिरतो. त्यात कावेरीकाठच्या या छापखान्याला अधिक जागा मिळायला हवी. ‘देवेंद्र कुरवंजी’ ही सरफोजींची मराठी रचनाही अशीच लक्षणीय आहे. कुरवंजी हा तमिळमधला नृत्यनाट्याचा प्रकार असून त्यात डोंगरी जमातीची भविष्य सांगणारी स्त्री नायिकेला तिच्या प्रियकराविषयी सांगते. सरफोजींनी त्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. नव्या विद्येसाठी जुना साचा वापरण्याची ही युक्ती शिक्षकाला शोभणारी आहे.

ग्रंथसंग्रहाचा कायापालट याच काळात झाला. १८२० ते १८२२ च्या काशीयात्रेत सरफोजींनी बरोबरचे पंडित कामाला लावून हस्तलिखिते मिळवली, विकत मिळेना त्यांच्या नकला करवून घेतल्या. गोदातीरावरून काशीस जाऊन राहिलेल्या आणि शहाजहानच्या दरबारात मान मिळवलेल्या कवींद्राचार्य सरस्वतींच्या विख्यात पण पांगलेल्या संग्रहातल्या काही पोथ्याही अशा रीतीने तंजावरला आल्या. दुसरीकडे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, लॅटिन इत्यादी भाषांतील हजारो छापील पुस्तके राजांनी मागवली. त्यांत वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्रवासवर्णने विशेष आहेत. अनेक पुस्तकांवर राजांची इंग्रजीतली स्वाक्षरी आहे, यावरून पुस्तके शोभेसाठी आणलेली नव्हती असा तर्क करता येतो. नेत्ररोग्यांच्या नोंदी हा याच काळातला संग्रहातील सर्वांत विलक्षण भाग: रोग्याची हकीकत, केलेला उपाय आणि त्यासोबत डोळ्याचे रंगीत चित्र. चित्रात बाहुलीवर आलेला पडदा, पांढऱ्या भागावरच्या लाल शिरा आणि सुजलेली पापणी इतक्या काटेकोरपणे रंगवलेली आहे की आजच्या नेत्रवैद्यांनाही ती अभ्यासावीशी वाटली.

सरफोजी १८३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी यांचा १८५५ च्या ऑक्टोबरात पुत्रसंतानावाचून मृत्यू झाला आणि कंपनीने राज्य, म्हणजे राज्याचे नाव, खालसा केले. त्याबरोबर राजांची खासगी मालमत्ताही जप्त झाली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी याविरुद्ध दावा लावला. मद्रासच्या न्यायालयात त्यांना यश आले, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य असल्याने कोणतेही न्यायालय तिचा विचार करू शकत नाही असा निर्णय दिला. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजूनही शिकवला जातो. खटला हरूनही राणीसाहेबांची बाजू वाया गेली नाही, कारण १८६२ मध्ये सरकारने आपण होऊन खासगी मालमत्ता राजकुटुंबाला परत केली. ग्रंथसंग्रह वाड्यातच राहिला तो यामुळे. तो सरकारी मालमत्ता ठरता तर त्यातले निवडक ग्रंथ लंडनला आणि उरलेले मद्रासला गेले असते, असे मानायला त्या काळातल्या इतर संग्रहांची गत पुरेसा आधार देते.

संग्रहाची ओळख विद्वानांच्या जगाला करून दिली ती तंजावरचे जिल्हा न्यायाधीश आर्थर बर्नेल यांनी. न्यायदानाच्या कामातून वेळ काढून त्यांनी वाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली आणि ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही संग्रह राजकुटुंबाच्या खासगीतलाच होता. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी कुटुंबाच्या संमतीने तो धर्मादाय निधी कायद्याखाली सार्वजनिक करण्यात आला. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत इत्यादी तंजावरच्या मराठी घराण्यांनी आपापले पोथीसंग्रह त्यात घातले. पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ ते १९३४ या काळात संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची एकोणीस खंडांत प्रसिद्ध केली. १९३९ पासून ग्रंथालयाचे नियतकालिक निघू लागले आणि त्यातून, तसेच स्वतंत्र पुस्तकांच्या रूपाने, नाटके, वैद्यक, संगीत, अश्वशास्त्र, गजशास्त्र यांवरच्या पोथ्या छापल्या गेल्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे राजवाड्याच्या मुदपाकखान्यातले मराठी पुस्तकही त्यांत आहे. १९८६ मध्ये संस्थेची सोसायटी म्हणून नोंदणी झाली.

संग्रहात सर्व मिळून पन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी बहुसंख्य संस्कृत असून ती ग्रंथ, देवनागरी, नंदिनागरी, तेलुगू अशा निरनिराळ्या लिप्यांत आहेत. येथे ग्रंथ म्हणजे पुस्तक नव्हे, तर तमिळ मुलखात संस्कृत लिहिण्यासाठी वापरली जाणारी लिपी. ताडपत्रांवरच्या पोथ्या वाळून तुटू नयेत म्हणून त्यांना गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल लावले जाते. वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर यांच्या भुकटीच्या पुरचुंड्या कपाटांतून ठेवल्या की कसर लागत नाही, हा जुना उपाय येथे रासायनिक फवारण्यांच्या जमान्यातही सोडलेला नाही.

मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या वर आहेत आणि त्यांशिवाय राजदप्तराचे मोडी कागद, रुमालांत म्हणजे चौकोनी फडक्यांत बांधलेले, सुमारे साडेतेराशे गठ्ठे आहेत. वाड्यातला रोजचा खर्च, छत्रांतले अन्नदान, देवळांची वर्षासने, वैद्यांना दिलेली औषधे, नाचगाण्याच्या बिदाग्या, पुस्तकांच्या खरेदीचे हिशेब हे सारे त्या कागदांत आहे. त्यांतल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने खंडशः प्रसिद्ध केले असून के. एम. वेंकटरामय्या यांनी याच साधनांच्या आधारे मराठा राजवटीचा सामाजिक इतिहास तमिळमध्ये लिहिला आहे. म्हणजे मराठी राजांचे मराठी दप्तर आज तमिळमधून अधिक वाचता येते. यात तमिळ अभ्यासकांचे श्रेय मोठे आहे आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांची उदासीनता तेवढीच मोठी आहे. मोडी वाचता येणाऱ्यांची संख्या दरवर्षी घटते आहे, रुमालांतला कागद ठिसूळ होत चालला आहे, आणि बहुसंख्य गठ्ठ्यांचे मराठीत अद्याप संपादन झालेले नाही. महाराष्ट्रातील मोडीच्या वर्गांतून तयार होणाऱ्या तरुणांपैकी दहा-पाच जणांना जरी शिष्यवृत्ती देऊन काही वर्षे तंजावरला पाठवता आले, तर या दप्तराचे मराठी संपादन मार्गी लागेल. इतिहास संशोधन मंडळांनी, विद्यापीठांनी आणि शासनाने ही योजना हाती घ्यावी.